तिकीट, पाकीट, शिक्का

सहावीत असताना माझी सगळी मालमत्ता एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावत असे. त्यात काडेपेट्यांची चित्रं होती. मोर, बैलजोडी, किल्ली, घोडा, कमळ. जळगावच्या स्टँडबाहेर पानटपऱ्यांची रांग होती. रिकाम्या काडेपेट्या तिथं पायाखाली पडलेल्या असत आणि त्या उचलायला मी शाळा सुटल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून जायचो. आईला ते अजिबात आवडत नसे. "विडीवाल्यांच्या पायातलं उचलून घरात आणतो," म्हणून ती डबा माळ्यावर टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माझ्या दप्तराशेजारी असायचा.

या डब्यावरून माझं मन उडालं ते शेजारच्या अक्कांमुळे.

आम्ही तेव्हा जळगावला लागूनच्या पिंप्राळ्यात राहत होतो. वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होते. भिंतीला भिंत लावून अक्का आणि नाना राहत. नाना गवंडीकाम करून थकलेले, दम्याचे. दिवसभर ओट्यावर खाट टाकून बसायचे. त्यांचा एकुलता मुलगा फिटर होता आणि दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेला होता. आमच्या गल्लीतून विमानात बसलेला तो पहिलाच माणूस. महिन्या-दीड महिन्यानं त्याचं पत्र यायचं. नाना चष्मा लावून ते मोठ्यानं वाचत, अक्का चुलीपुढचं काम टाकून उंबऱ्यात येऊन बसत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पत्र देवाच्या फळीवर जायचं आणि रिकामं पाकीट अक्का मला आणून द्यायच्या.

"ने रे भो. तुले चित्रं लागता ना? याच्यावर पाह्य, चांगलं जहाज शे."

खरंच जहाज होतं. शिडाचं, मागे निळा समुद्र, आणि कोपऱ्यात न कळणारी लिपी. काडेपेटीवरचा मोर त्यापुढे अगदी गावठी वाटायला लागला. आठवडाभरात मी डब्यातली सगळी चित्रं वर्गातल्या एका मुलाला देऊन टाकली आणि बदल्यात त्याच्याकडची वहीभर तिकिटं घेतली. माझ्या मते मी त्याला साफ फसवलं होतं. त्याच्या मते त्यानं मला.

मग रीतसर तिकिटं जमवणं सुरू झालं. पाकिटाचा कोपरा कापायचा, ताटलीतल्या पाण्यात टाकायचा, अर्ध्या तासात तिकीट आपोआप कागदापासून सुटून वर येतं. ते चिमट्यानं उचलून वर्तमानपत्रावर पालथं ठेवायचं आणि वाळलं की भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात दाबायचं. त्या वाट बघण्यात फार सुख होतं. पुढं पुढं कोपरा कापायलाही धीर निघेना, कारण एकदा कात्री तिकिटाच्या दात्यांवरून गेली आणि एक सुरेख किल्ला बाद झाला. तेव्हापासून मी अख्खं पाकीटच घमेल्यात बुडवायला लागलो.

आठवीत होतो. उन्हाळा लागायच्या बेतात होता. अक्कांनी पाकीट दिलं तेव्हा त्यावर खंजिराचं तिकीट होतं, चांदीच्या मुठीचं, आधी कधीच न आलेलं. मी उभ्या उभ्याच मोरीत गेलो आणि पाकीट भिजत घातलं. पाकिटाच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं होतं हे मला दिसलं होतं, इतकं मला पक्कं आठवतं. शाई पाण्यात उतरली, पाणी निळसर झालं. तिकीट निघालं. पाणी मोरीत ओतलं, लगदा झालेलं पाकीट बंबाशेजारी टाकलं. दुसऱ्या दिवशी आईनं बंब पेटवला.

त्यानंतर चारच दिवसांनी नाना गेले. सकाळी चहा पिताना दम लागला, तो थांबलाच नाही. गल्लीतली माणसं जमली, पुरुष मंडळी पुढच्या तयारीला लागली. माझे वडील म्हणाले, "मुलाला तार करायला पाहिजे." अक्का तशा अवस्थेतही उठल्या, आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या,

"ते पाकीट आण रे पोरा. मागच्या बाजूला त्याचा नवा पत्ता शे. त्यानं कंपनी बदलली ना आता. नाना म्हणे, एक-दोन दिवसांत उत्तर लिहू, तेव्हा तुझ्याकडून मागून घेऊ."

माझी नजर मोरीकडे गेली. अक्कांची पण गेली.

"भिजलं असलं तरी चालीन. वाळलं असंन ना कुठं?"

"अक्का, ते जळलं," मी म्हणालो.

त्या बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. बहुतेक त्यांना नीट उमगलंच नव्हतं, किंवा त्या क्षणी रागावायला त्यांच्यात जागाच उरली नव्हती. वडिलांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून ते विसरलेलो नाही. मुलाच्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर तार केली. ती कुठं गेली कोण जाणे. संध्याकाळपर्यंत थांबून शेवटी पुतण्यानं अग्नी दिला.

पाच-सहा आठवड्यांनी पोस्टमन आला. पत्र नानांच्याच नावानं होतं. अक्का ते घेऊन आमच्याकडे आल्या, कारण आता वाचणारं घरात कोणी नव्हतं. आईनं त्यांना पाट दिला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि वाचू लागलो.

"तीर्थरूप नानांस शिरसाष्टांग नमस्कार. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून काळजी वाटते. दम्याचं औषध संपलं असेल तर लगेच कळवा..."

इथपर्यंत कसंबसं वाचलं. पुढं होतं, "शेजारच्या पोराला सांगा, तुम्ही लिहिलं होतं म्हणून दर वेळी पोस्टात जाऊन वेगळं तिकीट मागून लावतो. या वेळी घोड्याचं आहे. त्याच्याकडे नसेल."

मला माहीतच नव्हतं. नाना मुलाला माझ्याबद्दल लिहीत होते, आणि कुठं दूर वाळूत राबणारा माणूस माझ्यासाठी खिडकीवर उभा राहून तिकीट निवडत होता. मी पुढं वाचू शकलो नाही. उरलेलं पत्र आईनं वाचलं.

अक्का बराच वेळ पदर तोंडाशी धरून बसल्या. मग त्यांनी पाकीट माझ्यापुढे केलं. "घे, घोडा काढून घे."

"नाही अक्का. पाकीट तुमच्याकडेच ठेवा."

"मले काय वाचता येतं? हरवीन माझ्याकडून."

मग मी कोळसा घेतला आणि त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर पाकिटामागचा पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिला. वहीत दोनदा लिहिला. त्याच दिवशी वडिलांनी मुलाला पत्र टाकलं. भिंतीवरचा पत्ता दिवाळीच्या चुन्यापर्यंत तसाच होता. पाकीट शेवटी अक्कांनी माझ्याकडेच सोपवलं. घोडा त्याच्यावरच राहिला. मी ते भिजवलं नाही, कापलंही नाही, एका जुन्या वहीत सपाट ठेवून दिलं. त्यानंतर मी एकही तिकीट पाण्यात टाकलेलं नाही.

मुलगा पुढच्या वर्षी सुट्टीवर आला. रिक्षातून दोन मोठ्या बॅगा उतरल्या, गल्ली गोळा झाली आणि मी माळ्यावर जाऊन बसलो. दोन दिवस मी त्यांना तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच आमच्या घरी आले. उंच, उन्हानं काळे पडलेले, बोलायला अगदी हळू. हातात एक खाकी पाकीट होतं.

"हे तुझ्यासाठी. आमच्या कॅम्पमध्ये बारा देशांची माणसं आहेत. सगळ्यांकडून मागून ठेवली."

पाकिटात शे-दीडशे तिकिटं असतील. मी हात पुढं केला नाही.

"काय झालं?"

"भाऊ, तुमचा पत्ता माझ्यामुळे गेला."

"आई म्हणाली, तिच्या हातून पाकीट चुलीत पडलं."

"चुलीत नाही पडलं. मी पाण्यात टाकलं होतं. तिकिटासाठी."

ते खाली बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "तार मिळाली असती तरी मी त्या दिवशी पोचलो नसतोच. पासपोर्ट कंपनीकडे असतो." मग थोड्या वेळानं, "पण कळलं तरी असतं." हातातलं पाकीट उलटं करून बघत ते म्हणाले, "पत्ता मी पत्रातच लिहायला पाहिजे होता. दोन ओळींचं तर काम." त्यांनी ते खाकी पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून गेले. अक्कांनी माझ्यासाठी आपल्या मुलाशी खोटं बोलून ठेवलं होतं, ते मी मोडलं. पण संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी वाटीभर शेवभाजी पाठवली, म्हणजे त्यांना ते लागलं नसावं.

ती तिकिटं मी ठेवली, पण त्यांच्यात जीव रमला नाही. सुटी तिकिटं पाहिली की मला त्यांचं हरवलेलं पाकीटच आठवायचं. कोणी कोणाला लिहिलं होतं, आत काय होतं, पोचलं का. मॅट्रिकपर्यंत मी नवं काही जमवलं नाही.

पुढं कॉलेजसाठी धुळ्याला गेलो आणि वसतिगृहात राहिलो. तिथं दुपारी दोनच्या सुमारास टपाल यायचं. शिपाई ते जिन्याखालच्या लाकडी खणांत लावायचा आणि पोरं जेवणाची ताटं तशीच टाकून धावायची. साक्री, शिरपूर, शहादा, नंदुरबार, यावल, चोपडा, सगळ्या खानदेशची पत्रं त्या खणांत एकत्र पडायची. मी परदेशी तिकिटं देऊन पोरांकडून त्यांची रिकामी पाकिटं घेऊ लागलो. अख्खी पाकिटं, फाडण्याची बाजू नीट कापलेली. आधी पोरांना वाटलं माझं डोकं फिरलंय. नंतर खोलीच्या दारावर कोणीतरी खडूनं 'रद्दी इथे घेतली जाईल' असं लिहिलं, आणि पाकिटं बिनबोभाट दाराखालून आत यायला लागली.

पण पाकिटांत नेमकं काय बघायचं हे मला शिकवलं एका घड्याळवाल्यानं.

आग्रा रोडवरच्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांची काचेची पेटी होती, पेटीमागे ते. साठीच्या घरात असतील. माझ्या घड्याळाचा काटा अडकला म्हणून गेलो होतो. हातात पाकिटांची वही होती. "काय आहे?" म्हणून त्यांनी ती ओढून घेतली आणि डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच बघायला लागले. पानं उलटत गेले. मी त्यांना एक दुर्मीळ तिकीट दाखवायला बोट पुढं केलं, तर ते म्हणाले,

"तिकीट सोड. ते छापखान्यात छापतात, लाखांनी. हे बघ." त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं. "हा शिक्का. गावाचं नाव वाच. तारीख बघ. त्या गावात त्या दिवशी एका माणसानं हातानं मारलाय हा. घाईत होता, तिरका पडलाय. असा दुसरा नसणार."

मी भिंगातून पाहिलं. काळ्या गोलात गावाचं नाव, मध्ये तारीख, एका बाजूला शाई साचलेली. आतापर्यंत मला शिक्का म्हणजे तिकीट खराब करणारा डाग वाटत आला होता. स्वच्छ तिकिटासाठी मी शिक्का नसलेली तिकिटं शोधायचो. त्या दिवशी वसतिगृहावर परत आलो आणि सगळी पाकिटं पहिल्यापासून पुन्हा बघितली.

तिथून नाद बदलला. आता गावं जमवायची होती. नकाशावर खानदेशातली पोस्टं शोधायची, जवळची असली तर रविवार सोडून एखाद्या दिवशी कॉलेज बुडवून एस.टी.नं जायचं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं कार्ड पोस्टमास्तरांपुढे ठेवायचं आणि नीट शिक्का मारून मागायचं.

साक्रीकडच्या एका खेड्यातला पहिला प्रसंग मला लख्ख आठवतो. पोस्ट म्हणजे मास्तरांच्या घराची पुढची पडवी. एक टेबल, एक लाल पेटी, बाजूला भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. मास्तर धोतर-बंडीतले, साठीला टेकलेले.

"कोठेन उना रे भाऊ?"

"धुळ्याहून. या कार्डावर शिक्का पाहिजे होता."

"शिक्का? काबर?"

"मी गोळा करतो."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "तपासनीले त नही ना उना?"

मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. ते त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मग मोठ्यानं हसले. आत वळून बायकोला हाक मारली, "आयकं का, लोके मनीऑर्डर लेवाले येतस, हाऊ पोऱ्या शिक्का लेवाले उना!"

मग मात्र त्यांनी ते काम असं केलं की मी बघत बसलो. शिक्का उलटा करून टाचणीनं अक्षरांतला वाळलेला मळ काढला. चिंधीला रॉकेल लावून पुसला. तारखेच्या आकड्यांचे सुटे खिळे तपासले. टेबलावर जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवली, म्हणजे खाली मऊ लागेल. रद्दी कागदावर चार-पाचदा मारून पाहिला. मग श्वास रोखून माझ्या कार्डावर ठेवला आणि तळहातानं दाबला.

"देख. बठ्ठा अक्षरे दिसी ऱ्हायनात."

खरोखर सगळी दिसत होती. शाई वाळेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि त्याच शेंगा. तीस वर्षांत आपला शिक्का कोणी बघायला आलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. निघताना त्यांनी आणखी एक कोरं कार्ड काढलं, त्यावरही तसाच ठसा मारला आणि ते स्वतःसाठी टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

नोकरी लागल्यावर मी जळगावला परत आलो. बियाण्यांच्या धंद्यातली फिरतीची नोकरी. जामनेरच्या बाजारापासून यावलच्या केळीच्या मळ्यांपर्यंत सगळा मुलूख. नादाला याहून सोयीचं दुसरं काय असणार! जिथं जाता यायचं नाही तिथं मी पाकिटात घालून कार्ड पाठवायचो, सोबत चार ओळींची विनंती. बहुतेक मास्तर न चुकता शिक्का मारून कार्ड परत पाठवायचे. आणि गंमत म्हणजे काही जण कार्डाच्या कोऱ्या जागेत उत्तरही लिहायचे. एकानं लिहिलं होतं, 'शाई पातळ आहे, क्षमस्व.' एकानं, 'आपण हे कशासाठी जमवता ते कळवावे, मुलगा विचारतो.' एकानं गावात वादळानं केळी झोपल्याचं सांगितलं होतं, जसा काही मी त्यांचा पाहुणाच आहे. लग्नानंतर बायकोनं माझ्या वह्या चाळल्या तेव्हा ती शिक्क्यांवरून भराभर पुढं गेली आणि या ओळींपाशी थांबली. "शिक्के राहू देत," ती म्हणाली, "ही पत्रं वाचू या." रविवारी दुपारी आम्ही एकेक काढून मोठ्यानं वाचायचो. मलाही हळूहळू कार्ड हातात आलं की आधी गोल न बघता खालची ओळ बघायची सवय लागली.

यावलजवळच्या एका छोट्या पोस्टात बाई मास्तर होत्या. त्यांच्या पहिल्या कार्डावर लिहिलेलं होतं, 'शिक्का झिजला आहे. गावाच्या नावातले शेवटचे अक्षर उठत नाही. नवा मागितला आहे.' चार महिन्यांनी मी पुन्हा कार्ड पाठवलं. 'अजून आला नाही. पुन्हा मागितला आहे.' तिसऱ्यांदा, 'आता तुम्हीच येऊन साहेबांना सांगा.' त्या ओळीवर आम्ही दोघं फार हसलो होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा कामानिमित्त एकदा त्याच रस्त्यानं जाणं झालं. बस फाट्यावर उतरवून गेली. दोन्ही बाजूंना केळी, मधून पाटाचं पाणी, आत अर्धा कोस चालल्यावर गाव. बाई पन्नाशीच्या होत्या, नवऱ्यामागं हे पोस्ट त्यांच्याकडे आलेलं. मी नाव सांगताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही ते कार्डवाले! या, या. अजून नाही आला हो शिक्का."

चहा झाला. त्यांनी सांगितलं, टपाल आता निम्म्यावर आलंय. फाट्यावर फोनचा बूथ झाला, पोरं तिथं रांग लावतात. आम्ही बोलत असतानाच एक मजूर बाई कडेवर लेकरू घेऊन आली. गुजरातेत दिलेल्या लेकीचं काही आलं का, एवढंच विचारायचं होतं तिला. काही आलेलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी तिला बसवलं, कार्ड काढलं आणि "सांग, काय लिहू?" म्हणून विचारलं. ती सांगत गेली, या लिहीत गेल्या. मुलीच्या बाळाला दात आले का, सासूचा पाय कसा आहे, इकडं केळीला पाणी द्यायचं काम मिळतंय. मध्येच लेकरू रडायला लागलं, ते मी उचलून बाहेर नेलं आणि पाटातलं पाणी दाखवत उभा राहिलो. परत आलो तेव्हा कार्ड भरलं होतं. बाईंनी ते तिला वाचून दाखवलं, तिनं एक वाक्य वाढवायला लावलं. उभ्या समासात ते कसंबसं बसलं.

तेवढ्यात टपालाची थैली बसवर न्यायची वेळ झाली. आम्ही तिघं बोलत बोलतच फाट्यापर्यंत आलो. बस आली, बाईंनी थैली कंडक्टरकडे दिली, मी चढलो.

घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "मिळाला का शिक्का?"

खिशात माझं कोरं कार्ड तसंच होतं. मारून घ्यायचं राहूनच गेलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "मग इतका वेळ केलंत काय?"

मी पाय धुतले, जेवायला बसलो आणि तिला त्या लेकीला धाडलेल्या पत्रात काय काय लिहिलं ते पहिल्यापासून सांगायला लागलो.